होतकरूंची पारख

ऑगस्ट महिना लागला म्हणजे युरोपांत फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होतो, आणि त्याबरोबर एक जुना वादहि नव्यानें रंगूं लागतो : मागील सालीं ज्यानें निराशा केली, असा कोणता तरुण खेळाडू यंदा नांव काढील? हा वाद आतां लंडन-माद्रिदपुरता राहिलेला नाहीं. आपल्याकडील कितीतरी घरांतील मुलें, आणि मुलीहि, रात्रीं उशिरांपर्यंत जागून हे सामने पाहतात, आपापले काल्पनिक संघ मांडतात आणि सकाळीं चहाच्या वेळीं एकमेकांशीं हुज्जत घालतात. वडील मंडळींस हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. या वादाच्या मुळाशीं जो प्रश्न आहे तो प्रत्येक घराचा आहे. ज्या मुलाकडून मोठ्या अपेक्षा होत्या आणि ज्यानें त्या पुऱ्या केल्या नाहींत, त्याच्यावर आणखी किती दिवस भरंवसा ठेवावा? घरांत हा प्रश्न आपण बहुधा मायेच्या भरांत किंवा रागाच्या भरांत सोडवितों. फुटबॉलमध्यें मात्र प्रत्येक हंगामाचा जमाखर्च आंकड्यांत लिहिलेला असतो; म्हणून तेथें तो थंड डोक्यानें तपासतां येतो.

प्रथम आम्ही तीन तरुणांचीं टिपणें वाचकांपुढें मांडतों. नांवें तूर्त सांगत नाहीं. तिघांचेंहि वय त्या त्या वेळीं एकवीसच आहे.

पहिला तरुण. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीं एका बलाढ्य संघाच्या बालशाळेंतून त्यास काढून टाकण्यांत आलें. पुढें दुसऱ्या संघानें घेतला. पण त्यानेंहि अडीच वर्षांच्या अवधींत त्याला चार ठिकाणीं उसना धाडला. एका ठिकाणीं पायाचें हाड मोडलें, व लीगच्या तीन सामन्यांत एकहि गोल झाला नाहीं. शेवटच्या ठिकाणीं तर महत्त्वाच्या सामन्यांत त्याला आरंभीं बाकावरच बसविलें. घरच्या संघांत परतल्यावर गेल्या वर्षीं लीगमधील गोल तीन. त्याच्या पुढें दोन नामांकित व महागडे आघाडीवीर आहेत. धांवण्याचा वेगहि बेताचाच.

दुसरा तरुण. सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंत सर्वांत अधिक, म्हणजे आठ गोल याचे. त्यांपैकीं उपांत्यपूर्व सामन्यांत तीन आणि उपांत्य सामन्यांत तीन. त्यानंतर भयंकर दुखापत होऊन वर्षाहून अधिक काळ वायां गेला. बरा झाल्यावर दुसऱ्या श्रेणीच्या एका संघाकडून अर्धा हंगाम सुरेख खेळला. तें पाहून पहिल्या श्रेणीच्या एका संघानें त्याच्यासाठीं सव्वादोन कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजली. त्या पहिल्याच वर्षीं लीगचे सामने सत्तावीस, आणि गोल शून्य.

तिसरा तरुण. सतरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच जगांतील एका अतिप्रसिद्ध संघानें त्याच्यासाठीं सुमारें साडेचार कोटी युरोंचा करार केला. अठरा पूर्ण होतांच तो तेथें दाखल झाला. तीन हंगामांत लीगमधील गोल अनुक्रमें दोन, तीन आणि तीन. दोघांतिघांना चकवून गोलापर्यंत पोंचतो, आणि तेथें फटका भलतीकडेच मारतो. त्याच्या चुकलेल्या फटक्यांचीं थट्टाचित्रें घरोघर फिरतात. त्याच्याच संघांतील एक थोर खेळाडू 'याच्याकडे चेंडू देऊं नको' अशा अर्थाचें दुसऱ्याच्या कानांत बोलतांना टिपला गेल्याची बातमीहि गाजली.

हा लेख घरांत कोणी मोठ्यानें वाचून दाखवीत असेल, तर त्यानें येथें क्षणभर थांबावें आणि ऐकणाऱ्यांचा कौल घ्यावा. तिघांपैकीं पुढच्या वर्षीं कोण चमकेल?

आमचा अंदाज असा, कीं पुष्कळांचा कौल दुसऱ्याच्या बाजूनें पडेल. बालपणींचा पराक्रम सर्वांत मोठा त्याचाच, आणि अपयशाचें कारणहि, म्हणजे दुखापत, डोळ्यांपुढें आहे. कांहीं तिसऱ्याकडे झुकतील. पहिल्याला फारच थोडीं मतें मिळतील.

पहिला तरुण म्हणजे हॅरी केन. वेळ २०१४ ची. काढून टाकणारा संघ आर्सेनल, वाढविणारा टॉटनहॅम. उसना गेला तो लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर या संघांकडे. २०१४-१५ च्या हंगामांत त्यानें लीगमध्यें २१ व एकंदर ३१ गोल केले. पुढें मार्च २०२३ मध्यें तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा सर्वकालीन अग्रणी गोलकर्ता झाला.

तिसरा तरुण ब्राझीलचा व्हिनिसियस ज्युनिअर. संघ रेआल माद्रिद, वेळ २०२१ ची. पुढल्याच हंगामांत त्याचे लीगमधील गोल तीनावरून सतरावर गेले. २८ मे २०२२ रोजीं पॅरिसजवळ लिव्हरपूलविरुद्ध युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. त्यांत एकच गोल झाला, आणि तो याच मुलानें केला.

दुसरा तरुण म्हणजे रियान ब्रूस्टर. त्याची वेळहि २०२१ चीच. त्याच्याविषयीं आपणांस अधिक आपुलकी वाटावयास हवी, कारण त्याचा तो पराक्रम आपल्या भूमीवर झालेला आहे. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत भरली होती. कलकत्ता, दिल्ली, कोची आणि गोहत्ती यांच्याबरोबर नवी मुंबई आणि गोव्यांतील मडगांव येथेंहि सामने झाले. मडगांवच्या मैदानावर अमेरिकेविरुद्ध ब्रूस्टरनें तीन गोल घातले, आणि चार दिवसांनीं कलकत्त्यास ब्राझीलविरुद्ध आणखी तीन. २८ ऑक्टोबर २०१७ रोजीं इंग्लंडनें स्पेनला ५-२ असें हरवून ती स्पर्धा जिंकली. जे गोंवेकर त्या रात्रीं फातोर्ड्याच्या स्टेडियमवर होते, त्यांस 'हा मुलगा पुढें कोण होईल?' असें विचारलें असतें, तर उत्तराविषयीं कोणासहि शंका वाटली नसती. पण २०२१-२२ चा हंगामहि त्याला लाभला नाहीं. थोडेसे गोल झाले, तोंच जानेवारींत मांडीमागील स्नायूची मोठी दुखापत होऊन त्या वर्षाचा खेळ संपला.

त्याच संघांत फिल फोडन नांवाचा एक सडपातळ मुलगा होता. अंतिम सामन्यांत त्यानें दोन गोल केले, आणि स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. मँचेस्टर सिटीच्या मोठ्या संघांत त्याला आरंभींचीं वर्षें मोजकेच सामने दिले गेले. पण जागा हळूहळू वाढत गेली. २०२३-२४ सालीं लीगमध्यें १९ गोल करून तो तेथील वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका मैदानावरून, एकाच महिन्यांत निघालेले हे दोन मुलगे. म्हणून 'गुण असेल तर तो वर येतोच' हें वाक्य आम्हांस धीर देणारें वाटतें, पण खरें वाटत नाहीं.

या वादांत नेहमीं दोन पक्ष पडतात. पूर्वपक्ष म्हणतो, 'आंकडे खोटें बोलत नाहींत. तीन वर्षें ज्यानें कांहीं केलें नाहीं, तो चौथ्या वर्षीं काय करणार?' उत्तरपक्ष म्हणतो, 'अहो, त्याच्या पायांत जादू आहे. वेळ येऊं द्या.' आमच्या मतें दोन्ही पक्ष आळशी आहेत. एक केवळ निकाल पाहतो, दुसरा केवळ आशा धरतो; मुलगा मैदानावर प्रत्यक्ष काय करीत आहे, तें दोघेहि पाहत नाहींत. तें पाहावयाचें झाल्यास चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : गोल होत नसतील, पण गोलाच्या संधि तरी निर्माण होतात काय? फुटबॉलमध्यें गोल ही दुर्मिळ वस्तु आहे. सबंध हंगामांत आघाडीच्या चांगल्या खेळाडूसहि वीस गोल म्हणजे डोक्यावरून पाणी. इतक्या लहान संख्येंत दैवाचा वांटा मोठा असतो. म्हणून अलीकडे 'अपेक्षित गोल' नांवाचें एक माप प्रचारांत आलें आहे. अमुक जागेवरून, अमुक अंतरावरून मारलेल्या शेंकडों फटक्यांपैकीं किती आंत गेले, तें मोजून प्रत्येक फटक्यास किंमत देतात. पेनल्टीच्या चार फटक्यांपैकीं साधारण तीन गोल होतात, म्हणून तिची किंमत पाऊण गोलाच्या आसपास. तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याची अगदींच क्षुल्लक. आतां एखाद्यानें दहा गोल होण्याजोग्या संधि मिळविल्या आणि पांचच साधल्या, तर त्याच्याविषयीं पुढील वर्षीं आशा बाळगण्यास आधार आहे. कारण योग्य जागीं पोंचणें ही कला टिकाऊ आहे, आणि नेम चुकणें हें पुष्कळदां तात्पुरतें असतें. ज्याला मुळीं संधिच मिळत नाहीं, त्याची गोष्ट वेगळी. व्हिनिसियस तीन वर्षें चुकत होता, पण चुकण्यासाठीं तो योग्य जागीं पुन्हां पुन्हां पोंचत होता. एप्रिल २०२१ मध्यें लिव्हरपूलविरुद्ध एकाच सामन्यांत त्यानें दोन गोल केले, तेव्हांच डोळसांस खूण पटावयास हवी होती. २०२१ च्या उन्हाळ्यांत कार्लो आन्चेलोत्ती हे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनीं त्याचें खेळणें बदललें नाहीं. गोलापाशीं गेल्यावर चेंडूशीं फार वेळ न खेळतां फटका मारावा, एवढ्यावर भर दिला.

दुसरा प्रश्न : मुलगा आपल्या जागेवर आहे काय? थिएरी ऑन्री हा फ्रान्सचा खेळाडू १९९९ सालीं इटलींतील युव्हेंटस संघांत होता. तेथें त्याला मैदानाच्या कडेस खेळवीत. १६ सामन्यांत तीन गोल झाले. त्याच सालीं ऑगस्टमध्यें आर्सेन वेंगर यांनीं त्याला आर्सेनलमध्यें आणून मधोमध उभा केला. पहिल्या आठ सामन्यांत एकहि गोल नाहीं! वेंगर यांनीं त्याला लहानपणापासून मोनाकोस पाहिलें होतें, म्हणून ते डगमगले नाहींत. त्या हंगामाच्या अखेरीस लीगमधील गोल १७ झाले, आणि पुढें २२८ गोल करून तो त्या संघाचा विक्रमवीर ठरला. वेल्सच्या गॅरेथ बेलची हकीकतहि अशीच. टॉटनहॅमकडून लीगचे पहिले चोवीस सामने तो खेळला, त्यांपैकीं एकहि संघानें जिंकला नाहीं. लोक त्याला अपशकुनी म्हणूं लागले. तो तेव्हां बचावांत डावीकडे खेळत असे. २०१० सालीं संघांतील दुसरा एक खेळाडू दुखापतीनें बाहेर गेल्यामुळें याला जागा मिळाली, आणि पुढें त्याला बचावांतून काढून वरच्या बाजूस खेळविण्यांत आलें. त्याच सालीं ऑक्टोबरांत मिलान येथें युरोपच्या अजिंक्य संघाविरुद्ध त्यानें एकट्यानें तीन गोल केले. अपशकुन जागेंत होता, मुलांत नव्हता.

तिसरा प्रश्न : शरीर आणि वय यांचा हिशेब काय सांगतो? इंग्लंडांत मुलांचे वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात. सप्टेंबरांत जन्मलेला आणि पुढील ऑगस्टांत जन्मलेला अशीं दोन मुलें एकाच गटांत येतात. म्हणजे आठ वर्षांच्या मुलांत जवळजवळ एका वर्षाचें अंतर. त्या वयांत एक वर्ष म्हणजे दोन बोटें उंची आणि चांगलें बळ. निवड करणारांस हें बळ गुणासारखें दिसतें. म्हणूनच अनेक देशांतील पाहणींत निवडलेल्या मुलांमध्यें गटाच्या आरंभींच्या महिन्यांत जन्मलेलीं मुलें बरीच अधिक आढळलीं आहेत. केनचा जन्म २८ जुलैचा. आपल्या गटांतील तो बहुतेकांहून लहान होता, हें त्याला बालपणीं नाकारणारांच्या ध्यानांत आलें होतें कीं नाहीं कोण जाणे! उशिरां वाढणाऱ्या मुलास थोडा अवधि द्यावा, एवढाच यांतला बोध. याच्या उलट बाजू दुखापतीची. ज्याचा स्नायु वारंवार फाटतो, त्याच्याविषयीं आशा धरावी, पण मुदत ठरवूं नये. फ्रान्सचा उस्मान देम्बेले २०१७ सालीं विसाव्या वर्षीं साडेदहा कोटी युरोंस बार्सिलोनांत गेला, आणि पुढचीं कितीतरी वर्षें इस्पितळाच्या वाऱ्या करीत राहिला. पॅरिसला गेल्यावर २०२३-२४ च्या हंगामांत त्याचे लीगमधील गोल अवघे तीन. पुढच्या वर्षीं लुईस एन्रिके यांनीं त्याला कडेवरून मध्यभागीं आणलें, आणि तीनाचे एकवीस झाले. ३१ मे २०२५ रोजीं पॅरिसनें प्रथमच युरोपचें अजिंक्यपद मिळविलें, व सप्टेंबरांत 'सुवर्ण चेंडू' देम्बेलेच्या हातीं आला. तेव्हां त्याचें वय अठ्ठावीस होतें.

चौथा प्रश्न : त्याला खेळावयास मिळेल काय, आणि कोणांमध्यें? ब्रूस्टरला ज्या शेफील्ड युनायटेड संघानें घेतलें, तो त्या वर्षीं सबंध लीगमध्यें शेवटला आला. ज्या संघाकडे चेंडूच राहत नाहीं, त्यांतील आघाडीच्या मुलानें गोल कोठून आणावे? केनचें उलट झालें. त्याच्या पुढचे दोघे, अडेबायोर आणि सोल्दादो, त्या वर्षीं गोल करीतनासे झाले, आणि नवे प्रशिक्षक पोचेत्तिनो यांनीं आडवळणाच्या सामन्यांतून त्याला संधि देऊन पाहिली. ऑक्टोबर २०१४ मध्यें अशाच एका सामन्यांत त्यानें तीन गोल केले. नंतर गोलरक्षक बाहेर काढला गेला, तेव्हां हाच गोलांत उभा राहिला, आणि एक अगदीं सोपा चेंडू हातून निसटून गोल खाऊन बसला. दहा दिवसांनीं ॲस्टन व्हिलाविरुद्ध शेवटच्या क्षणीं त्यानें मारलेला फटका एका प्रतिस्पर्ध्याच्या अंगास लागून दिशा बदलून आंत गेला. त्या गोलानें सामना जिंकला, आणि केनची जागा पक्की झाली. तो चेंडू दुसरीकडे उडाला असता तर? आमच्या मतें केन थांबला नसता. पण किती उशीर झाला असता, आणि तोंपर्यंत कोणाचा धीर टिकला असता, हें सांगणें कठीण.

येथें एक सावधगिरीचा शब्द लिहिणें अवश्य आहे. वर जीं उदाहरणें आलीं, त्यांत यशस्वी माणसेंच अधिक आहेत. कारण आठवण त्यांचीच राहते. अमेरिकेंत २००४ सालीं फ्रेडी अडू नांवाचा मुलगा चौदाव्या वर्षीं मोठ्यांच्या लीगमध्यें उतरला. साऱ्या देशानें त्याच्यावर आशा ठेवली. तो पोर्तुगाल, फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान असा हिंडला, परंतु तें मोठें वर्ष कधीं आलेंच नाहीं. एका केनमागें मुलांच्या शाळांतून घरीं धाडलेलीं अगणित मुलें असतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या बाबतींत नकार देणारांचेंच म्हणणें खरें ठरतें. तेव्हां 'केनलाहि नाकारलें होतें' हें वाक्य प्रत्येक नापास मुलाच्या बचावासाठीं वापरणें म्हणजे त्या मुलाची फसवणूक होय.

मग या साऱ्याचें सार काय? आमच्या मतें हें, कीं पारख ही आशा आणि निराशा या दोहोंहून निराळी गोष्ट आहे. जो तरुण चुकतो आहे पण योग्य जागीं पोंचतो आहे, ज्याला आपली जागा अजून सांपडलेली नाहीं, ज्याचें शरीर अजून वयास येत आहे, आणि ज्याला पुढें खेळण्यास वाव मिळणार आहे, त्याच्यावर खुशाल डाव लावावा. ज्याच्या बाजूनें केवळ जुनी कीर्ति आणि मोठी किंमत आहे, त्याच्याविषयीं जपून बोलावें. यंदाचा वाद घालणाऱ्या आमच्या तरुण वाचकांनीं प्रत्येक नांवास हे चार प्रश्न लावून पाहावेत. निम्मी भांडणें आपोआप मिटतील, आणि उरलेलीं अधिक गोड होतील.

वडील वाचकांस आमची विनंति थोडी निराळी आहे. एकत्र कुटुंबांत मुलाविषयींचें एक वाक्य दहा तोंडांनीं फिरतें. 'हा कांहीं दिवे लावणार नाहीं' असें आजोबांनीं एकदां म्हटलें, कीं काका, आत्या, धाकटीं भावंडें सारींच तें म्हणूं लागतात, आणि वर्षभरांत तें त्या मुलालाहि खरें वाटूं लागतें. व्हिनिसियसची थट्टा जगानें केली. पण सराव करून घेणाऱ्यांनीं त्याला रोज मैदानावर उतरविलें, हेंहि तितकेंच खरें. परीक्षेंत मागें पडलेल्या मुलाविषयीं निकाल देण्यापूर्वीं आपणहि विचारावें : तो प्रश्नापर्यंत पोंचतो आणि उत्तरांत चुकतो, कीं पुस्तकच उघडत नाहीं? गणिताच्या बाकावर बसविलेला हा मुलगा मुळांत हस्तकौशल्याच्या जागेचा तर नाहीं ना? वर्गांत तो सर्वांत लहान आहे काय? त्याची प्रकृति कशी आहे? आणि आपण त्याला खेळावयास जागा देतों, कीं दर वेळीं थोरल्या भावालाच पुढें करतों? या प्रश्नांचीं उत्तरें कधीं कधीं मुलाच्या विरुद्धहि जातील, आणि तसें झाल्यास तेंहि त्याला प्रेमानें व स्पष्टपणें सांगावें. दुसरी वाट वेळींच धरतां येते. पण उत्तरें मिळविण्याचे श्रम न करतां दिलेला कौल, मग तो मायेचा असो वा रागाचा, मुलाच्या अंगावर आयुष्यभर राहतो. फुटबॉलमध्यें चुकीचा अंदाज बांधला तर काल्पनिक संघाचे चार गुण जातात. घरांत तो चुकला तर काय जातें, हें आम्ही वाचकांस सांगावयास नको.